थापीकाका

१२ एप्रिल १८६७ या दिवशी विरारहून मुंबईतल्या बॅक बेला पहिली लोकल सुटली. त्या गाडीतली माणसं ऐसपैस बसली असतील. त्यानंतर मात्र विरारच्या माणसाला गाडीत दोन्ही पाय एकाच वेळी हक्काच्या जागेवर टेकवायला मिळाल्याचा पुरावा नाही. एक पाय खाली, दुसरा कोणाच्या तरी डब्याच्या पिशवीवर, आणि वर 'ओ, पाय काढा' हे ऐकून घ्यायचं. अशी तीस-पस्तीस वर्षं काढून माणूस निवृत्त होतो. मग काही जण ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसतात, काही पहाटे जीवदानीच्या पायऱ्या चढतात, काही सोसायटीची निवडणूक लढवतात. आणि काही जण घरी सिमेंट कालवून, बागेत पाय ठेवायला म्हणून नक्षीच्या फरशा पाडू लागतात. आमच्याकडची पोरं या शेवटच्या जमातीला थापीकाका म्हणतात.

थापीकाका वाडीत सापडत नाही. वसईच्या गास, निर्मळ, भुईगावच्या वाडीवाल्याकडे केळी असतात, पानवेली असतात, बावखल नावाचं तळं असतं. पाणी लावायला जाता-येता त्याची पायवाट आपोआप पडते. ती तयार करावी लागते हे त्याला सांगितलं तर तो सुकेळं पुढे करून विषय बदलेल. थापीकाका सापडतो एव्हरशाईनला, अंबाडी रोडला, विरारच्या ग्लोबल सिटीत, आणि नेहमी तळमजल्यावर. फ्लॅट दाखवताना बिल्डरच्या माणसानं मागचं दार उघडून 'आणि हे तुमचं गार्डन' असं म्हटलेलं असतं. हे गार्डन म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली दहा फुटांची पट्टी. नकाशात ती सोसायटीची मोकळी जागा असते, काकांच्या मनात ती बाग असते आणि प्रत्यक्षात तिथे ड्रेनेजचं चेंबर असतं.

रोगाची लागण बहुधा परदेशात होते. काका सहा महिने मुलीकडे राहून आलेले असतात. तिच्या मागच्या अंगणात हिरवळीवर अंतराअंतरानं गोल दगड मांडलेले असतात, कुणावर फुलपाखरू, कुणावर पान. काका दुकानात जाऊन त्या दगडाची किंमत बघतात, डॉलरचे रुपये करतात आणि तिथेच मनाशी ठरवतात. परत येताना त्यांच्या बॅगेत चॉकलेटं आणि बदाम सगळ्यांसाठी असतात. फुलपाखराचा प्लॅस्टिकचा साचा मात्र शर्टांच्या घडीत, फक्त स्वतःसाठी.

आमच्या सोसायटीतले काका पूर्वी हेडक्लार्क होते. त्यामुळे पहिली फरशी पडण्याआधी रजिस्टर पडलं. फरशी क्रमांक, तारीख, साचा, मालाचं प्रमाण, हवामान, शेरा. 'क्र. ३, आकाश ढगाळ, एकास तीन, कडेला तडा, कारण: नातू.' हा दस्तऐवज मी स्वतः पाहिला आहे.

आता या धंद्यातली खरी मेख सांगतो. फरशी साधारण बारा इंच व्यासाची आणि दोन इंच जाड. माणसाच्या आरामाच्या पावलाला एका फरशीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत दोन फूट अंतर लागतं. म्हणजे दहा फुटांच्या बागेला फरशा लागतात पाच. सिमेंटची गोणी मात्र येते ५० किलोची. एकास तीन माल केला तर तिच्यातून पंचवीस-तीस फरशा आरामात निघतात. उरलेलं सिमेंट ठेवून द्यावं म्हटलं तर वसईची हवा खाडीची. गोणी उघडल्यावर ओल धरते आणि पावसाळ्यापूर्वी तिचाच एक मोठा दगड होतो. सिमेंट वाया जाऊ नये म्हणून काका फरशा पाडत राहतात. फरशा पाडता पाडता रेती संपते. रेती आणली की ती उरते. उरलेल्या रेतीसाठी दुसरी गोणी येते. हा व्यवहार कोणत्याही अर्थशास्त्रज्ञापुढे मांडावा. तो आधी हसेल आणि मग सरकारी प्रकल्पांची आठवण येऊन गप्प बसेल.

साच्यांच्या बाबतीत थापीकाका निर्दय असतो. काकूंचं केकचं भांडं पहिल्या आठवड्यात गेलं. मग धिरड्याचा तवा, आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं, फुटक्या बादलीचं बूड, आणि दिवाळीत ज्यातून चिवडा हलवतात ती परात. काकूंनी परातीवर मालकी हक्क सांगितला तेव्हा काका म्हणाले, "अगं, तेल लावलंय ना आतून. चिकटणार नाही." तेल लावलं होतं हे खरं. तेही काकूंचंच होतं.

आणि एक हळवी गोष्ट. शेजारच्या घरात कप फुटला की काकांना ऐकू जातं. गच्चीतून पाणी झिरपू नये म्हणून फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे जोडून बसवतात, ती चायना मोझॅकची पद्धत मुंबईच्या निम्म्या गच्च्यांवर आहे. काकांना तीच फरशीवर रंगीत करायची होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या हातून लग्नातल्या सेटमधली बशी निसटली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत काका प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात उभे. "निळी किनार होती ना? तीच हवी होती."

पण काकांना कलाकार म्हणून ओळखायचं तर अळूच्या पानाची फरशी पाडताना बघावं. सकाळी सातला. आधी ओल्या रेतीचा ढीग करून तो हातानं गोल, किंचित फुगीर चेपतात. त्यावर अळूचं मोठं पान उपडं घालतात, म्हणजे शिरा वर येतील अशा बेतानं. मग घमेल्यात माल. रबरी हातमोजे घालून, कारण सिमेंट हाताला खातं हे ते पहिल्या आठवड्यात बोटांच्या टोकांवर शिकले. पाणी किती घालायचं यावर त्यांचं आणि बाहेर प्लास्टरचं काम करणाऱ्या मिस्त्रीचं मोठं बौद्धिक झालं. मिस्त्री म्हणाला, "चाचा, पानी कम." शेवटी निकाल काकूंनी दिला: मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये. तेव्हापासून रजिस्टरात 'लाडू: होय/नाही' असा रकाना आहे.

माल पानावर थापीनं पसरायचा, मधून कडेकडे, देठाच्या दिशेनं, शीर मोडू न देता. दोन इंच जाडी झाली की कडा बोटानं गोल करायच्या आणि वर ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी काका दोन्ही हातांनी फरशी उचलून उलटी करतात, देठाला धरतात आणि पान हळूच सोलतात. काही ठिकाणी ते निघतं, काही ठिकाणी हिरवा पापुद्रा अडकून बसतो. तो जुन्या टूथब्रशनं काढायचा. आणि मग खाली दिसतं ते खरोखर बघण्यासारखं असतं. मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, आणि एका कडेला अळीनं खाल्लेलं भोकसुद्धा जसंच्या तसं. त्या क्षणी काकांची कुचेष्टा करवत नाही. ती आपण पाच मिनिटांनी करतो, अळूवडीची पानं कुठे गेली असं काकू विचारतात तेव्हा.

अळूपर्यंत पोचायला मात्र त्यांना मोठा धार्मिक प्रवास करावा लागला. पहिली फरशी, म्हणून त्यांनी हौसेनं तिच्यावर 'श्री' काढला. चौथ्या मजल्यावरच्या आजी बघायला आल्या आणि पाऊल उचललेलं तसंच ठेवून म्हणाल्या, "अहो, श्रीवर पाय द्यायचा?" ती फरशी भिंतीला गेली. मग स्वस्तिक, तेही भिंतीला. मग लक्ष्मीची पावलं. इथे काकांचा युक्तिवाद होता की पावलांवर पावलं ठेवायला काय हरकत आहे. आजी म्हणाल्या, गौरी घरात येतात तेव्हा आपण त्या पावलांच्या बाजूनं चालतो, वरून नाही. मग कासव, देवळात देवापुढे कासव असतं. मग कमळ, कमळावर कोण बसतं? वैतागून काकांनी नातवाच्या हाताचा ठसा घेतला. ती फरशी सुकली, सुरेख झाली, पाचही बोटं उमटली, आणि तिच्यावर पाय ठेवायची काकांचीच हिंमत होईना. पुस्तकाला, कागदाला, दुसऱ्याच्या पायाला जरी पाय लागला तरी वाकून नमस्कार करणारी माणसं आपण. आपल्याकडे पायाखाली घालण्याजोगी नक्षी शोधणं सोपं नाही. अळूवर एकमत झालं, कारण अळूवर कोणत्याही देवाचा दावा नाही.

जपानी लोकांनी हा प्रश्न नक्षीच न काढून सोडवला. त्यांच्या चहाच्या बागेत चहाघरापर्यंत जायला न घडवलेले दगड मांडलेले असतात. सोळाव्या शतकातला चहागुरू सेन नो रिक्यू म्हणे सांगायचा की असे दगड मांडताना सहा भाग चालण्याची सोय बघावी आणि चार भाग दिसणं. त्याच्या शिष्यानं, फुरुता ओरिबेनं, हे प्रमाण उलटं केलं. काकांनी ही गोष्ट सोसायटीच्या सभेत सांगितली. ते स्वतः ओरिबेपंथी, खरं तर दहा भाग दिसणंवाले, कारण मांडलेल्या पाच फरशांवर ते कोणालाच पाय ठेवू देत नाहीत. "बाजूनं या, बाजूनं!" हे वाक्य त्यांच्या मागच्या दारात दिवसभर ऐकू येतं. शिवाय जपानी वाट चहापाशी पोचते. काकांची पाच फरशांची वाट स्वयंपाकघराच्या दारातून निघते आणि चेंबरच्या झाकणापाशी संपते.

सुरुवातीला रेतीवरूनही घोटाळा झाला. काकांनी राजोडीच्या किनाऱ्यावरून फिरून येताना दोन पिशव्या भरून आणली. समुद्रावरची रेती उचलू नये, तो कायद्याचा भाग झाला. पण तिच्यात मीठ असतं, आणि मीठ कायद्यासारखं कानाडोळा करत नाही. आठ दिवसांत पाच फरशांना पांढरा लोणा लागला. काकांनी तो संगमरवरी परिणाम म्हणून दाखवायला सुरुवात केली. मिस्त्री हसला, तेव्हा हार्डवेअरवाल्याकडून क्रश सँड आली.

खरं महाभारत झालं ते पाण्यावरून. सिमेंट वाळत नसतं, ते पाणी पिऊन घट्ट होतं. फरशी साच्यातून काढल्यावर निदान आठवडाभर ओली ठेवावी लागते, पूर्ण ताकदीचा हिशोब २८ दिवसांचा. ही माहिती अचूक आहे. पण ती एप्रिलमध्ये, टँकर उशिरा येणार असा फलक लागलेला असताना, नळी हातात धरून सांगायची नसते. सेक्रेटरी खाली आले. बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकाही आल्या. "काका, माणसांना पाणी नाही, झाडांना नाही, आणि तुम्ही दगडांना पाणी घालताय?" काका म्हणाले, "दगड नाहीत ते. होतायत." या उत्तरानं प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस आली आणि तिच्यात मोकळ्या जागेवरचं अतिक्रमण हाही मुद्दा होता.

काकांनी उत्तर टाइप करून दिलं. त्यात दाखला नेकचंद यांचा. चंदीगडचे रस्तेनिरीक्षक नेकचंद सैनी यांनी सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागू न देता फुटक्या टाइल्स, बांगड्या, कपबश्या यांचं जग उभं केलं. सरकारला कळल्यावर ते पाडायच्या ऐवजी १९७६ साली लोकांसाठी खुलं केलं, तेच आजचं रॉक गार्डन. सेक्रेटरींनी उत्तराखाली पेननं शेरा मारला: 'तिथे सेक्रेटरी नव्हता.' तडजोड अशी झाली की काकांनी फरशा भांडी धुतलेल्या पाण्यात भिजवायच्या. आता त्यांच्या मागच्या दारी टबात फरशा असतात आणि वर तेलाचा तवंग.

काकांचा इतिहासही पक्का. वसईचा काळा दगड पोर्तुगीजांनी जहाजात घालून गोव्याला नेला आणि बॉम जीझसच्या चर्चच्या दर्शनी भागाला लावला, ही गोष्ट खरी आहे; काका ती अशा थाटात सांगतात, जणू ऑर्डर त्यांच्याकडेच आली होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा आत दगडी करंडक सापडला, हेही खरं. म्हणून काका प्रत्येक फरशीच्या पाठीवर खिळ्यानं क्रमांक आणि तारीख कोरतात. पुढेमागे कोणी खणलंच तर गोंधळ नको.

तर पाच फरशा मागच्या दारी, दोन-चार भिंतीला, बाकीच्या? बाकीच्या वाटल्या जातात. एका फरशीचं वजन साधारण आठ किलो. वास्तुशांतीला फरशी, वाढदिवसाला फरशी, एकसष्टीला रेड ऑक्साईड घातलेली लाल फरशी. नाही म्हणता येत नाही, कारण काका ती हातात देऊन हात काढून घेतात आणि आपले हात त्यानंतर बराच वेळ दुसऱ्या कोणत्याही कामाला मोकळे राहत नाहीत. कळस संक्रांतीला झाला. काकूंनी दरवर्षीप्रमाणे हळदीकुंकू ठेवलं आणि वाण काय लुटायचं यावर काका म्हणाले, "विकत कशाला आणतेस?" तिळगुळाबरोबर एकेक फरशी ओटीत पडली. नालासोपाऱ्याहून आलेल्या काकूंच्या दोन मैत्रिणी फरशा मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं सामानाचे वेगळे पैसे मागितले. काकू त्यानंतर बरेच दिवस काकांशी फक्त 'अहो'पर्यंत बोलत होत्या, पुढचं वाक्य येत नव्हतं.

मग पाऊस आला. वसईत पाऊस म्हणजे काय हे ज्यांनी २०१८ चा जुलै पाहिला त्यांना सांगायला नको. रूळ पाण्यात, गाड्या बंद, वीज गेलेली. तेवढं नाही, पण दर मोठ्या भरतीला आणि मुसळधारेला आमच्या कंपाउंडमध्ये पाणी भरतंच. काकांना वाटलं, आता जगाला कळेल. त्यांनी पाचही फरशा उचलून जिन्यापासून गेटपर्यंत मांडल्या. 'पाय ठेवू नका'वाला माणूस पहिल्यांदाच 'ठेवा, ठेवा' म्हणत होता. पण फरशा दोन इंच जाड आणि पाणी फूटभर. ते गढूळ. फरशी कुठे आहे हे कळत होतं, पण अंगठ्याला. सेक्रेटरींना दोनदा कळलं.

पाणी ओसरल्यावर काका कोणाचं किती नुकसान झालं ते बघायला तळमजल्यावरच्या घरांतून हिंडले. आणि त्यांना आपल्या फरशा भेटल्या. ज्यांनी ज्यांनी त्या हसत घेतल्या होत्या आणि पलंगाखाली ढकलल्या होत्या, त्या प्रत्येक घरात त्या ऐन वेळी बाहेर आल्या होत्या. फ्रीजच्या पायांखाली. वॉशिंग मशीनखाली. दिवाणाखाली, एकीवर एक अशा तीन-तीन. तांदळाच्या पिंपाखाली. बशीची निळी किनार लोखंडी कपाटाखालून डोकावत होती. वाटेल तितकी ओली होऊन टिकणारी, सपाट, जड, फुकट वस्तू दुसरी कोणती होती? कच्च्या विटा विरघळतात, लाकडी पाट तरंगतात. फ्रीज वाचले, मशीनं वाचली, आणि मंडळींनी मनापासून आभार मानले.

काकांना मात्र आनंद झाला नाही. "अहो, पण पान खाली गेलंय," एवढंच ते एका घरात म्हणाले. फरशी उलटी घातली होती. पाठीकडून सपाट असते, फ्रीज डुगडुगत नाही.

रुसवा पंधरा दिवस टिकला. मग बी विंगमधल्या एका बाईंनी खाली येऊन विचारलं की तशाच चार मिळतील का, चौकोनी, वरून साध्या, नवीन मशीनसाठी. पैसे देऊन. काकांनी रजिस्टर उघडलं आणि नवं पान घातलं: 'जावक, मागणीनुसार'. अळूची फरशी अजून होते, रविवारी, स्वतःपुरती, आणि आता तिच्यावर पाय द्यायची सक्त मनाई आहे. बाकीचे दिवस चौकोनी माल. काकूंची परात परत आली आहे, कारण ती गोल आहे.

ज्यांना फ्रीजसाठी फरशा हव्या असतील त्यांनी एप्रिलच्या आत सांगावं; जूनमध्ये सगळेच येतात आणि २८ दिवसांच्या आत काका माल हलवू देत नाहीत. चार फरशांचे बत्तीस किलो होतात, तेव्हा कापडी पिशवी आणू नये. मोजमापाला फ्रीजच्या पायांमधलं अंतर लिहून आणावं. आणि बोलता बोलता भेट म्हणून पाचवी हातात ठेवायला लागले, तर तुमचे दोन्ही हात आधीच भरलेले असू द्या.